पट्टीपासून सुरुवात करा: लहान शेतकऱ्यांसोबत बसून डिजिटल साधन घडवताना

प्रश्न असा आहे. मुंबईतल्या एका छोट्या गटाला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडकडच्या, पाच-दहा-वीस गुंठ्यांत मोगरा आणि भाजी करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर चालणारं काहीतरी करायचं आहे. माल दादरच्या फुलबाजारात आणि वाशीला जातो. दोन कार्यशाळा झाल्या, सगळे "छान आहे" म्हणाले, चाळीसेक जणांनी अ‍ॅप उतरवून घेतलं. महिन्याभरात वापरणारे तिघं उरले, तिघंही तरुण मुलगे. बायका, साधा फोन असलेले, वाचता न येणारे, या सगळ्यांना धरून साधन कसं घडवायचं?

कार्यशाळेतलं "छान आहे" मत म्हणून मोजू नका. तो पाहुणचार असतो. मुंबईहून माणसं आलीत, सरपंच शेजारी बसलेत, चहा झालाय. अशा वेळी तोंडावर "हे आमच्या कामाचं नाही" कोण म्हणेल? सोबत बसून घडवायचं असेल तर "नाही" म्हणण्याचा हक्क आधी कागदावर द्यावा लागतो. सहा-सात जणांची समिती करा. त्यात निम्म्याहून जास्त बायका हव्यात, किमान दोघी स्मार्टफोन नसलेल्या आणि एक तरी जण रस्त्यापासून सगळ्यांत लांबच्या पाड्यातला. पहिल्याच बैठकीत वाचून दाखवा आणि लिहून द्या: समितीतल्या दोघांनी अडवलं तर ती गोष्ट लोकांपुढे जाणार नाही. प्रत्येक बैठकीला बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं त्याच दिवशी रोख हातात द्या. "नंतर खात्यात टाकतो" म्हटलं की पुढच्या वेळी फक्त रिकामा वेळ असलेले येतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते येत नाहीत.

कधी जायचं यावर कोण भेटणार हे ठरतं, आणि मुंबईच्या गटांची सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. जून-जुलैत भाताची लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. दिवाळी झाली की अनेक कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, भिवंडी-कल्याण-वसईकडे, ती थेट उन्हाळ्याच्या शेवटी परततात. तुमचं सर्वेक्षण जानेवारीत झालं असेल तर सगळ्यांत गरीब घरांना कुलूप होतं, आणि तुमच्या तक्त्यात ती घरं "उपलब्ध नाही" म्हणून गेली. लावणी आटोपल्यावरचा ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर हा बरा काळ. एक फेरी मात्र मुद्दाम हिवाळ्यात भट्टीवर करा. मुंबईहून भिवंडी जव्हारपेक्षा जवळच आहे. बायकांची बैठक वेगळी, त्यांच्या पाड्यात, पाणी भरून झाल्यावर आणि स्वयंपाकाच्या आत, पाच-सात जणींचीच घ्या. ग्रामपंचायतीच्या सभागृहात घेतली तर त्या मागच्या भिंतीला टेकून बसतील आणि पुढचे चार पुरुष बोलतील.

पहिल्या बैठकीला फोन बाहेर काढूच नका. पट्ट्या मागा.

व्यापाऱ्याकडून येणारी हिशेबपट्टी घरोघर जपलेली असते: ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत. हातभर कागद, वर गाळ्याचं नाव, खाली वजन, दर, रक्कम, मग हमाली, तोलाई, भाडं असे वजावटीचे रकाने आणि तळाशी उरलेला आकडा, बहुतेकदा एका फराट्यात लिहिलेला. पंधरा-वीस पट्ट्या सतरंजीवर पसरा आणि एकेकीला विचारा: यातलं तुम्ही काय वाचता, काय दुसऱ्याकडून वाचून घेता, कशावर विश्वास नाही? दोन तासांत तुम्हाला जे कळेल ते दोनशे जणांच्या प्रश्नावलीत येत नाही. कोणी फक्त तळाचा आकडा बघते. कोणी दर बघते, पण वजन सोडून देते, कारण घरी काटाच नाही. कडता, म्हणजे वजनातली सूट, का कापला हे कोणालाच सांगता येत नाही. तिथूनच साधनाची गरज पुढे येते, आणि ती तुमच्या आराखड्यातली असेलच असं नाही.

बहुतेक गट "बाजारभाव कळवणारं अ‍ॅप" घेऊन येतात. त्याला एक साधी कसोटी लावा. प्रत्येकीला विचारा, "आजचा दादरचा दर तुम्हाला कळला, तर तुम्ही काय वेगळं कराल?" मोगऱ्याची कळी पहाटे खुडायची आणि त्याच दिवशी विकायची, उमललेल्या मोगऱ्याला गिऱ्हाईक नाही. कळी खुडून झाल्यावर कळलेल्या दराचा उपयोग काय? शिवाय व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल तर माल त्याच गाळ्यावर जाणार, दर काहीही असो. टेम्पो एकच असेल तर तो जिथे उतरवेल तिथेच माल उतरणार. "काहीच वेगळं करणार नाही" असं दहातल्या आठ जणी म्हणाल्या तर दराचं काम बाजूला ठेवा. त्यांचा निर्णय जिथे खरोखर बदलू शकतो ती जागा शोधा: उद्या किती मजूर लावून खुडायचं, दोन पाड्यांनी मिळून टेम्पो भरायचा का, पट्टीवरचं वजन आणि घरचं वजन जुळतं का.

वजनाचंच घेऊ, कारण इथे साधन आणि भांडण यांच्यात फार अंतर नसतं. समजा घरी ६.२ किलो भरलं आणि पट्टीवर ५.७ आलं. अ‍ॅपने लाल अक्षरात "५०० ग्रॅम कमी" दाखवलं की बाई गाळ्यावर भांडायला जाईल, आणि कदाचित चूक गाळ्याची नसेलही. ओल्या फडक्यातली कळी वाटेत पाणी सोडते, सुकते. म्हणून आधी हे करा. एकच डिजिटल काटा घ्या, त्यावर ओळखीचं वजन ठेवून तो तपासा. त्याच फडक्यात, त्याच बांधणीत तीन गाठोडी करा. खुडल्यावर लगेच, मग दोन-दोन तासांनी, बाजारात पोचण्याच्या वेळेपर्यंत वजन करा. उन्हाळ्यात एक दिवस आणि थंडीत एक दिवस. नैसर्गिक घट किती हे त्यांच्या डोळ्यांसमोर निघालं की त्यापलीकडच्या फरकावर बोलायला त्यांच्याकडे आकडा असतो. हा प्रयोग त्यांच्याच हातून व्हायला हवा. निकाल तुमच्या लॅपटॉपमधून आला तर त्यावर गाळेवाल्याइतकाच विश्वास बसेल.

कोड लिहायच्या आधी चार आठवडे सगळं हाताने चालवा. पंधरा-वीस घरं घ्या. मुंबईतला एक माणूस रोज माल पोचायच्या वेळी दादरला उभा राहील, वजन होताना बघेल आणि ठरलेल्या वेळी फोन करून तीन गोष्टी सांगेल: दर, आवक जास्त की कमी, तुमच्या गाठोड्याचं वजन. पाड्यातली एक बाई ते वहीत लिहील. या चार आठवड्यांत कळतं की फोन कोण उचलतं, कुठल्या वेळी उचललाच जात नाही, तिसऱ्या आठवड्यात कोण स्वतःहून विचारायला लागतं आणि कोणाला काही फरक पडत नाही. काही बंद पडलं तर चार आठवड्यांचे पगार गेले. सहा महिन्यांचं काम गेलं नाही.

पडदे कसे असावेत हेही कागदावरच ठरवा. जाड पुठ्ठ्याची, फोनच्या आकाराची कार्डं कापा, प्रत्येकावर एक काम, चित्रासकट. दहा कार्डं मांडा, प्रत्येकीला पाच चिंचोके द्या, हवं त्या कार्डावर ठेवायला सांगा. प्रत्येक कार्डावर वाटी पालथी घालून चिंचोके तिच्याखाली ठेवायला सांगितलेत तर शेजारणीचं बघून मत पडत नाही. पुढची पायरी जास्त महत्त्वाची: "यातली तीन फेकायची आहेत, कुठली?" ठेवताना सगळे भिडेने वागतात, फेकताना खरं बोलतात. फेकलेली कार्डं जपून ठेवा, मागे कारण लिहा, समितीच्या सह्या किंवा अंगठे घ्या. सहा महिन्यांनी देणगीदार विचारतो "हे का नाही केलं?", तेव्हा ती कार्डं कामाला येतात.

मापांबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथली चूक पिकावर आणि अंगावर येते. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बोलण्यात गुंठे आणि एकर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच, आणि ४० गुंठ्यांचा एकर. अ‍ॅपने "क्षेत्र हेक्टरमध्ये भरा" म्हटलं की चार गुंठेवाला ०.०४ ऐवजी ०.४ भरतो आणि त्याला दहापट खताचा सल्ला मिळतो. रकाना गुंठ्यांचाच ठेवा, आणि भरल्यावर आवाजात परत विचारा: "चार गुंठे, बरोबर?"

सल्लाही तसाच फिरवून द्यावा लागतो. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र ही शिफारस घ्या. युरियात ४६ टक्के नत्र. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं ठरलं तर हेक्टरी साधारण २१७ किलो युरिया, म्हणजे १० गुंठ्यांना सुमारे २२ किलो. ४५ किलोच्या गोणीची जेमतेम अर्धी गोणी, तीही एकदम न टाकता तीन हप्त्यांत. शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवं ते हे शेवटचं वाक्य. फवारणीचं तर याहून जपून करा. मात्रा लिटरला सांगू नका, पाठीवरच्या पंपाला सांगा. लिटरला २ मिली म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. आणि "दोन झाकणं" असं कधीही रेकॉर्ड करू नका, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं भरतं. मोजपात्र वाटा, त्यावर ३० मिलीची रेघ लाल रंगाने ओढून द्या. पालेभाजी जुडीवर आणि शेकड्यावर जाते, टोमॅटो क्रेटवर, सरकारी भाव क्विंटलचे. ही सगळी गणितं साधनाने करायची, बाईने नव्हे.

आता फोन. घरात एक स्मार्टफोन असतो आणि दिवसा तो बोईसरच्या किंवा वापीच्या कारखान्यात मुलाच्या खिशात असतो. सकाळी अकराला पाठवलेला इशारा शेतात पोचतो रात्री आठला. ओटीपी त्याच फोनवर जातो, म्हणजे बाईला स्वतःचा हिशेब बघायलाही मुलाची परवानगी लागते. ओटीपीऐवजी चार चित्रांची खूण चालते. एका फोनवर तीन-चार जणींची वेगळी खाती ठेवता आली पाहिजेत. अ‍ॅप १५ एमबीच्या आत ठेवा; जुन्या हँडसेटमध्ये लग्नाचे व्हिडिओ आणि देवाचे फोटो भरलेले असतात, ते पुसून कोणी तुमच्यासाठी जागा करणार नाही, करूही नये. ओल्या, मातीच्या बोटांना काच दाद देत नाही, म्हणून बटणं अंगठ्याएवढी हवीत. आणि प्रत्येक पाड्यात दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन चाला: शाळेजवळ येतं, विहिरीवर येत नाही, टेकाडावरच्या आंब्याखाली येतं, असा हाताने काढलेला नकाशा करा. रेंज येईल तेव्हा पुढे जाईल, तोवर फोनमध्येच साठेल, अशी रचना याच नकाशावरून ठरते.

साध्या फोनसाठी मिस्ड कॉल द्यायचा आणि परत येणारा फोन ऐकायचा, ही व्यवस्था अजूनही सगळ्यांत भरवशाची आहे. गुजरातेत शेतकऱ्यांसाठी झालेल्या 'आवाज ओटलो' या ध्वनिसेवेच्या वेळी बोलून उत्तर देणं आणि बटण दाबणं यांची तुलना झाली होती, आणि बटण दाबणाऱ्यांची कामं जास्त पूर्ण झाली. आज आवाज ओळखणारी यंत्रणा खूप सुधारली आहे, पण ती प्रमाण मराठीवर. वारली, कातकरी, कोकणा बोलणाऱ्यांचे पन्नास नेहमीचे शब्द दहा जणांकडून वदवून घ्या, आणि किती बरोबर ओळखले जातात ते मोजूनच ठरवा. पर्याय तीनच ठेवा. "भावासाठी १ दाबा" असं म्हणा. "१ दाबा" आधी आलं तर बोट तयार होतं आणि कशासाठी ते निसटतं. संदेश पाऊण मिनिटाच्या आत. आवाज पाड्यातल्याच एखाद्या बाईचा असू द्या आणि तिला त्याचे पैसे द्या. स्टुडिओतली स्वच्छ मराठी ऐकली की सरकारी सूचना समजून फोन ठेवला जातो.

एसएमएस करणार असाल तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं बसतात, रोमनसारखी १६० नाहीत. लांबला की दोन संदेशांचे पैसे, आणि जुन्या फोनवर अर्धाच दिसतो. मजकुराचे नमुने आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात. ते सेवा-संदेश म्हणून नोंदवा. प्रचाराच्या वर्गात गेले तर पहाटेचा दर पहाटे जाणारच नाही. आकडे देवनागरीत की इंग्रजी वळणाचे, हे दोन्ही छापून वाचून घ्या. कीपॅडवर इंग्रजी वळणाचे असतात, म्हणून कधीच शाळेत न गेलेल्यांनाही बहुधा तेच ओळखीचे निघतात. रक्कम दाखवताना नोटांची चित्रं द्या. ३७० लिहिलेलं न वाचणारी बाई शंभराच्या तीन, पन्नासाची एक आणि दहाच्या दोन नोटा बरोबर मोजते. टायपिंग मागूच नका. समितीतल्या कोणाला लिहायचंच असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड बाराखडीच्या अंगाने चालतो, तो दाखवा.

नोंदणीच्या पहिल्या पडद्यावर गट क्रमांक किंवा सातबारा मागितलात तर तिथेच अर्धे लोक बाहेर पडतील, आणि ते नेमके तेच असतील ज्यांना धरून ठेवायचं म्हणता. बाईचं नाव सातबाऱ्यावर बहुतेकदा नसतं. सामाईक खात्यात बारा नावं असतात. कोणी वाट्याने कसतं. वनहक्क कायदा २००६ खाली वनजमिनीचा दावा कोणाचा मंजूर, कोणाचा पडून. मंजूर असेल तर तो पती-पत्नी दोघांच्या नावावर असतो, हे मात्र तुमच्या रकान्यांत यायला हवं: "खातेदार" एकच धरू नका. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करणं, सुरू झाली, तेव्हापासून पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायची सवय लोकांना लागली आहे. पण ज्यांच्याकडे फोन नाही ते दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहतात, हेही तिथेच दिसतं. सुरुवातीला नाव, पाडा, पीक एवढंच घ्या. जमिनीचा कागद एखाद्या योजनेला लागेल त्या दिवशी मागा.

दुसऱ्याचा हात लागणारच, हे मान्य करून त्याला साधनात जागा द्या. प्रत्येक पाड्यात एक "मोबाइलवाला मुलगा" असतोच. तो नकळत दारवान होतो: कोणाचा फॉर्म आधी, कोणाचा नंतर, कधी वीस रुपये घेऊन. मदतनीस ही वेगळी भूमिका ठेवा. दोन मदतनीस, त्यातली एक बाई. त्यांनी काय भरलं ते मालकिणीला फोनवर ऐकू जाईल आणि ती रद्द करू शकेल. पीक विम्यासारख्या कामाला मुदत असते. अशा कामात मदतनीस एकच असला आणि तो लग्नाला गेला तर दावा हातचा जातो.

संमतीच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय हवी. मराठी त्यात आहे, वारली नाही. म्हणून कायद्यापुरतं मराठीत लिहा आणि माणसांपुरतं त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. तीन प्रश्नांची सरळ उत्तरं द्या: माझा हिशेब कोण बघणार, गाळेवाल्याला दिसणार का, मी "पुसा" म्हटलं तर किती दिवसांत पुसणार. ज्या पट्टीवर उचल वळती केलेली दिसते ती पट्टी म्हणजे घरावरच्या कर्जाचा कागद आहे, तिच्या फोटोला तसंच जपा. जव्हार, विक्रमगड हे अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. पाड्याच्या ग्रामसभेपुढे हे सगळं मांडा. एकेकट्याची संमती आणि गावाची संमती दोन्ही लागतात.

फोटोवरून रोग ओळखणं, प्रश्नाला यंत्राने उत्तर देणं, हे करायचं असेल तर "मला नक्की सांगता येत नाही" हे उत्तर यंत्राला देता आलं पाहिजे, आणि त्यानंतर प्रश्न माणसाकडे गेला पाहिजे: कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, भाताचा असेल तर कर्जतच्या संशोधन केंद्राकडे, किंवा निदान १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या नंबरवर. करपा आणि नुसती नत्राची कमतरता यात गल्लत झाली की फुकटची फवारणी होते आणि ती उघड्या पायांनी होते.

किती जणांनी अ‍ॅप उतरवलं हे मोजणं थांबवा. तिसऱ्या महिन्यात, कोणी आठवण न करता, आठवड्यातून एकदा तरी किती जणी वापरतात ते मोजा, आणि तो आकडा चार तुकड्यांत बघा: बाई-पुरुष, स्मार्टफोन आहे-नाही, नावावर जमीन आहे-नाही, पाडा जवळचा-लांबचा. एका तुकड्यात शून्य असेल तर एकूण आकडा कितीही मोठा असो, समितीसमोर तोच विषय पहिला. दर हंगामाला नंबर पुन्हा पडताळा. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर काही महिन्यांत तिसऱ्याच माणसाला मिळतो, आणि तुमच्या बाईचा हिशेब त्याला ऐकू जातो.

खर्चाचं पहिल्या दिवशी सांगा: परत जाणाऱ्या कॉलचे दर मिनिटाचे पैसे किती, महिन्याला किती होतात, अनुदान संपल्यावर ते कोण भरणार. ग्रामसंघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी भरू शकेल एवढाच पसारा ठेवा. त्यापेक्षा मोठा असेल तर आत्ताच कमी करा. बंद करायची वेळ आली तर एक हंगाम आधी कळवा आणि प्रत्येकीला तिचा हिशेब छापून द्या. आणि पाड्यातली ती वही, जिच्यात पहिले चार आठवडे लिहिलं होतं, ती साधन आल्यावरही चालू राहू द्या. पडद्यावर जे रकाने, तेच वहीत, त्याच क्रमाने: तारीख, घरचं वजन, पट्टीचं वजन, दर, वजावट, हातात आलेले पैसे. रेंज नसेल त्या आठवड्यातही वही भरली जाते, आणि पट्टीचा फोटो न काढता आलेल्या बाईची ओळही त्यात असते.